श्यामची आई : पुस्तकातली आणि पडद्यावरची

पुस्तकावरून काढलेला चित्रपट पाहून घरी आलं की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "छे, पुस्तकाची सर नाही!" आणि ज्यांनी पुस्तक वाचलेलंच नसतं ते म्हणतात, "आम्हांला तर बाई आवडला." मग दोघांची जुंपते, चहा निवतो आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते. मला वाटतं, चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं हा प्रश्नच थोडा चुकतो. त्यापेक्षा असं विचारावं : पुस्तकातून पडद्यावर जाताना काय बरोबर गेलं, काय मागे राहिलं आणि मागे राहिलं त्याचा आपल्या घरात काही परिणाम झाला का?

आजच्या लेखासाठी मी उदाहरणही असं घेतलं आहे, की ते तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरात कुठल्या ना कुठल्या रूपात येऊन गेलेलं आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई'. तिला कादंबरी म्हणावं की आत्मचरित्र, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. आपल्यासाठी ती घरात वाचायची गोष्ट आहे.

कळसाडीसारख्या गावात बसून कोकणातल्या पालगडच्या आईबद्दल लिहायचं म्हणजे लांबचा पल्ला वाटेल. पण गुरुजी आम्हां खानदेशवाल्यांना परके नाहीत. त्यांचा जन्म पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. पण शिक्षक म्हणून ते घडले अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते तिथे होते. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणं, अंथरुणं आवरणं, दिवे पुसणं अशी कामं ते न सांगता करत. पुढे सत्याग्रहात तुरुंग घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारा हात साने गुरुजींचाच. तेव्हा धुळे आणि आमचं नंदुरबार मिळून पश्चिम खानदेश होता. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. धुळ्यानंतर नाशिकचा तुरुंग. तिथे फेब्रुवारी १९३३ मध्ये, मोजक्या दिवसांत, 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. पुस्तक निघालं १९३५ साली.

आता लक्षात घ्या, आई वारली होती २ नोव्हेंबर १९१७ ला. म्हणजे आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मुलगा तुरुंगात आहे, बाहेर गडबड आहे आणि रात्री त्याला आठवतं ते आईचं स्वयंपाकघर. पुस्तकाची बांधणीही तशीच आहे. आश्रमात मित्र जमतात आणि मोठा झालेला श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. प्रकरणांना 'प्रकरण' असं नाव नाही, 'रात्र' आहे. अशा बेचाळीस रात्री.

चित्रपट आला १९५३ साली. गुरुजींना जाऊन तोवर तीन वर्षं होत आली होती (११ जून १९५०). निर्माते आणि दिग्दर्शक आचार्य अत्रे. ज्यांच्या विनोदाने सभागृहं हसून लोटपोट व्हायची, त्यांनी महाराष्ट्राला रडवणारा चित्रपट काढावा, ही त्या वेळच्या लोकांनाही नवलाची गोष्ट वाटली असेल. श्यामचं काम माधव वझे या मुलाने केलं आणि आईचं वनमालाबाईंनी. वनमालाबाई म्हणजे सोहराब मोदींच्या 'सिकंदर' (१९४१) मधली नायिका, राजवाड्यात शोभणारं रूप. त्यांनी साधं लुगडं नेसून गरिबाघरची आई उभी केली. संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले ते १९५४ साली, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते आपल्या 'श्यामची आई'ला. सगळ्या भारतातल्या चित्रपटांत पहिलं! मराठी माणसाने छाती फुगवून सांगावं असंच हे आहे.

तेव्हा चित्रपटाचं कौतुक आधी करते. पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते. ज्या काळात हा चित्रपट आला, त्या काळात खेड्यातल्या किती बायकांना वाचता येत होतं? तंबूत, चावडीसमोर, शाळेच्या पटांगणात पडदा बांधून तो दाखवला गेला तेव्हा ज्या आजीला 'श' म्हणजे काय ठाऊक नव्हतं तीही श्यामसाठी रडली. हे काम पुस्तक करू शकलं नसतं. शिवाय काही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या की जास्त उमगतात. श्यामच्या पायाला माती लागू नये म्हणून आई दगडावर आपलं लुगडं पसरते, तो प्रसंग आठवा. पुस्तकात तो दोन-चार ओळींत होऊन जातो. पडद्यावर ते ओलं वस्त्र, ते छोटे पाय आणि आईचा चेहरा एकदम दिसतो. पायांना जसं जपतोस तसं मनालाही जप, ही तिची शिकवण मग समजावून सांगावी लागत नाही.

गाण्यांचं तर काय सांगावं! आशाबाईंनी गायलेलं द्रौपदीच्या पितांबराचं गाणं आजही राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला कुठून तरी ऐकू येतंच. आणि 'छडी लागे छम छम' हे शाळकरी पोरांचं गाणं तर चित्रपट न पाहिलेल्यांनाही पाठ आहे. गंमत अशी, की हे छडीचं गाणं चित्रपटाचं आहे, पुस्तकाचं नव्हे. आणि ज्या गुरुजींच्या पुस्तकावर हा चित्रपट निघाला ते स्वतः मुलांना मायेने शिकवणारे मास्तर म्हणून ओळखले जात. आता तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडीच बंद झाली आहे. तरी स्नेहसंमेलनात मुलं हे गाणं म्हणतात आणि पहिल्या रांगेतल्या शिक्षकांसकट सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते!

हे झालं कौतुक. आता मागे काय राहिलं ते पाहू.

बेचाळीस रात्री अडीच तासांत बसवायच्या म्हणजे निवड करावी लागणार. पातेलंभर दूध आटवलं की वाटीभर बासुंदी होते. गोडी वाढते, पण पाणी उडून जातं. 'श्यामची आई'त हे जे पाणी होतं ते काय? माझ्या मते ते होतं आईचं रोजचं काम.

पडद्यावरची आई आपल्याला केव्हा दिसते? श्यामला काही शिकवायचं असतं तेव्हा. एक प्रसंग, एक शिकवण. दुसरा प्रसंग, दुसरी शिकवण. मधले तासच्या तास ती दळते आहे, सारवते आहे, पाणी भरते आहे, भाकरी थापते आहे. एवढा वेळ कॅमेरा तिथे थांबू शकत नाही. थांबला तर प्रेक्षक उठून जातील. म्हणून बाहेर पडताना आपल्या मनावर ठसा उमटतो तो असा, की या आईला जणू दुसरा उद्योगच नव्हता. मुलाजवळ बसावं आणि चांगल्या गोष्टी सांगाव्यात, बस्स.

पुस्तकात तसं नाही. तिथे शिकवण येते ती काम चालू असताना. पत्रावळ लावायला शिक, हे ती सांगते कारण जेवायला पानं हवी असतात. फुलांच्या कळ्या तोडू नको म्हणते ते पूजेच्या गडबडीत. घरी भात कांडायला येणारी मथुरी तापाने पडली, तर तिला ऊनऊन काही पाठवायचं, तेही आपलं घरकाम सांभाळून. संस्कार हा शब्द आपण आज फार वापरतो. शिबिरं भरतात संस्कारांची. श्यामच्या आईने शिबिर भरवलं नव्हतं. तिचे हात कामात होते आणि तोंडाने ती बोलत होती, एवढंच.

दुसरी गोष्ट रागाची. चित्रपटातली आई म्हटली की आपल्याला वनमालाबाईंचे पाण्याने भरलेले डोळे आठवतात. पुस्तकातली आई रडते खरी, पण रागावतेही चांगली. श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने फोडून काढते. होय, आपली श्यामची आईच! पोराला उद्या कुणी भित्रा म्हणू नये, म्हणून. पोहून आल्यावर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिलाच भरून येतं. हा प्रसंग चित्रपटातही आहे, पण लोकांच्या लक्षात राहिली ती शांत, सोसणारी आई. शिंपटी कुणाला आठवत नाही. तसंच सावकाराचा माणूस दारात बसून नको ते बोलतो, तेव्हा आतल्या घरातून बाहेर येऊन त्याला सुनावणारी हीच बाई आहे. मुलाला मारा असं मी सांगत नाही, उगाच पत्रं पाठवू नका! माझं म्हणणं इतकंच, की ती देवघरातली मूर्ती नव्हती. तिला राग येई, तिचा तोल जाई, मग तिलाच वाईट वाटे. तुमच्या-माझ्यासारखंच.

तिसरी गोष्ट पैशाची. पुस्तकाच्या उत्तरार्धातल्या रात्रींची नावं नुसती वाचून पाहा : 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक', 'गरिबांचे मनोरथ', 'वित्तहीन जीवन', 'आईचे चिंतामय जीवन', 'तेल आहे, तर मीठ नाही', 'अब्रूचे धिंडवडे'. ही काय पोथीची अनुक्रमणिका आहे? ही तर महिनाअखेरच्या घराची यादी आहे. एकेकाळचं खोताचं घराणं, वाटण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, कर्ज वाढलं, झोपडीवजा घरात राहायची वेळ आली आणि शेवटी घरावर जप्ती. आई मेली ती तापाने, असं आपण म्हणतो. पण गुरुजी रात्रीमागून रात्र सांगतात की काळजीने ती आधीच झिजली होती. तापाने फक्त शेवट केला. पडद्यावरही गरिबी दिसते, पण फाटकं लुगडं दिसणं निराळं आणि तेल-मिठाचा हिशोब रोज रात्री ऐकणं निराळं. गरिबी एका दृश्यात दाखवता येते. ती रोज सोसण्यातला कंटाळा दाखवायला दिवसच लागतात.

चित्रपटाला हे जमतच नाही असं मात्र नाही. 'श्यामची आई'नंतर दोनच वर्षांनी, १९५५ साली, बंगालीत सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' आला. तोही बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या गाजलेल्या कादंबरीवरून. तिथलीही आई गरीब ब्राह्मणाची बायको, नवरा बाहेरगावी, घर पडायला आलेलं. ही सर्वजया मुलीला केसांना धरून ओढत दाराबाहेर काढते आणि मग एकटी बसून राहते. पाहताना अंगावर काटा येतो, पण तिचा राग येत नाही. कारण तिच्या दिवसभराच्या खस्ता आपण पाहिलेल्या असतात. म्हणजे कॅमेऱ्याला थांबायचं असेल तर तो थांबू शकतो. अत्र्यांना आईची थोरवी गायची होती आणि ती त्यांनी जीव ओतून गायली. रायना आईचा दिवस दाखवायचा होता. दोन्ही चित्रपट मोठेच, पण आपण कुठला पाहून काय शिकतो याचं भान ठेवावं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण त्याने आपल्या घरात काय फरक पडतो? सांगते.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मराठीचे तास घेते. आमच्या भागात पपई, केळी, ऊस, मिरची असं सगळं पिकतं, पण ज्यांच्याकडे शेत नाही अशी कितीतरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मुलं आजीकडे राहतात, नाहीतर आश्रमशाळेत, नाहीतर बरोबर फडावर. एका पालकसभेत बाहेरून आलेल्या एका वक्त्याने आयांना छान तासभर उपदेश केला. म्हणे, आजच्या आयांचं मुलांकडे लक्ष नाही, प्रत्येकीने श्यामची आई व्हावं. सभा संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तिले पोऱ्याजोडे बसाले येळ तरी व्हता." तिला मुलाजवळ बसायला वेळ तरी होता.

तिने पुस्तक वाचलेलं नव्हतं. कधीतरी टीव्हीवर चित्रपट पाहिला होता. आणि चित्रपटावरून तिने जे ताडलं ते चित्रपटापुरतं अगदी बरोबर होतं. पण पुस्तक काय सांगतं? श्याम तरी आईजवळ कुठे होता? तो शिकायला दापोलीला होता, सुटी मिळाली की पालगडला चालत यायचा. पुढे लांब औंध संस्थानात गेला, मग पुण्याला. आई त्याच्या वाट्याला आली ती तुकड्यातुकड्यांनी : एखादी सुटी, एखादा सण, जाताना हातावर ठेवलेलं काहीतरी. आणि ती गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. पोहोचला तेव्हा आई नव्हती. बेचाळीस रात्री त्याने सांगितल्या त्या आई सतत जवळ होती म्हणून नव्हे. फार थोडा वेळ मिळाली आणि तो थोडा वेळ त्याने जपून ठेवला, म्हणून.

हे मी त्या बाईला सांगितलं. ऊसतोडीला जाणारी आई वाईट आई नव्हे. दोन वेळच्या भाकरीसाठी मुलापासून दूर राहावं लागणं, हे तर श्यामच्या आईच्याही नशिबी होतं. पुस्तक वाचलेला माणूस आयांना बोल लावणार नाही. तो कर्जाला बोल लावेल, सावकाराला लावेल, बाईचं दुखणं अंगावर काढू देणाऱ्या घराला लावेल. म्हणूनच पुस्तक वाचायला हवं, असं मी म्हणते. नाहीतर 'श्यामची आई' ही बायकांना मापायची फूटपट्टी होते आणि त्या मापात कुणीच बसत नाही. श्यामची आईसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकात आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 'देवाला सारी प्रिय' या रात्री मोळी उचलता न येणारी एक म्हातारी महार बाई वाटेत दिसते. आई श्यामला म्हणते, जा, तिला हात दे. पण घरी आल्यावर आंघोळ कर, हेही सांगते. गुरुजींनी दोन्ही लिहिलं, लपवलं नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला जेवढं पाऊल टाकता आलं तेवढं तिने टाकलं. पुढचं पाऊल मुलाने टाकलं. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. मला ही गोष्ट फार धीर देते. आईने सगळंच पूर्ण करून ठेवायचं नसतं. आपण मुलाला उंबरठ्यापर्यंत न्यायचं, पुढची वाट त्याची. पण हे कळायला आई अपुरी होती हे आधी मान्य करावं लागतं, आणि पूजेतल्या मूर्तीत अपुरेपण कुणाला चालत नाही.

अलीकडे या पुस्तकावर पुन्हा चित्रपट निघाला, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. १० नोव्हेंबर २०२३ ला तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सुजय डहाके, गुरुजींच्या भूमिकेत ओम भूतकर, आई गौरी देशपांडे आणि छोटा श्याम शर्व गाडगीळ. आजच्या रंगीत जमान्यात त्यांनी मुद्दाम तो कृष्णधवल ठेवला. मला त्यात आवडलं ते असं, की तुरुंगातले, चळवळीतले मोठे गुरुजी त्यात ठळकपणे आहेत. म्हणजे ही आई आपण कुणाच्या आठवणीतून पाहतो आहोत, ते विसरता येत नाही. दुरावलेल्या मुलाच्या आठवणीत आई थोडी जास्त उजळ दिसणारच! आपली मुलंही उद्या आपल्याबद्दल असंच काही सांगतील, अशी आशा ठेवायला काय हरकत आहे? एकाहत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत, २०२५ साली, याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. एकाच पुस्तकाने सत्तर वर्षांच्या अंतराने दोनदा राष्ट्रीय पुरस्कार आणला.

तर मैत्रिणींनो, आता थोडं आपल्या नेहमीच्या पद्धतीने, करून पाहण्यासारखं सांगते.

पुस्तक घेताना एक काळजी घ्या. गुरुजींच्या लेखनावरचे हक्क २०११ पासून सर्वांना खुले झाले आहेत. त्यामुळे बाजारात बऱ्याच आवृत्त्या आहेत आणि स्वस्तही मिळतात. पण काही आवृत्त्या मुलांसाठी म्हणून कापून छोट्या केलेल्या असतात. पानं उलटून शेवटची 'रात्र बेचाळिसावी' आहे ना आणि मधल्या रात्री गळलेल्या नाहीत ना, ते पाहूनच पैसे द्या. कापताना आधी कात्री लागते ती नेमकी तेल-मिठाच्या आणि कर्जाच्या रात्रींना.

एका बैठकीत संपवू नका. प्रकरणांची नावंच सांगतात, रात्री एक वाचायची. जेवणं झाल्यावर, अंथरुणं घालताघालता, दहा-पंधरा मिनिटं. उन्हाळ्याच्या सुटीत सुरू केलंत तर शाळा उघडायच्या सुमारास आटोपतं. मुलांना सगळ्या रात्री सारख्या आवडणार नाहीत. दोन-तीन वेळा जांभया आल्या तर रागावू नका, पुढची रात्र घ्या.

शब्द अडतील. आमच्याकडच्या मुलांना खोत ठाऊक नाही, पडवी ठाऊक नाही. समुद्र पाहिलेला नाही, पाहिली आहे ती प्रकाशाची तापी. काही मुलांच्या घरात अहिराणी बोलतात, काहींच्या घरात भिली किंवा पावरी. मी सरळ विचारते, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" मुलं आपापला शब्द सांगतात आणि कोकणातलं घर हळूहळू त्यांच्या ओळखीचं होतं. पत्रावळ मात्र समजावून सांगावी लागत नाही. पळसाची पानं टाचायला आमची पोरं श्यामपेक्षा हुशार आहेत.

चित्रपट केव्हा दाखवावा? निम्म्या रात्री वाचून झाल्या की. आधी दाखवलात तर मुलांच्या डोळ्यांपुढे वनमालाबाई बसतात आणि मग दुसरी आई तिथे येऊच शकत नाही. आधी वाचलं तर प्रत्येक मुलाच्या मनात स्वतःची एक आई तयार होते, बहुतेक वेळा आपल्याच आईसारखी दिसणारी. मग चित्रपट पाहून ती म्हणतात, "ही नाही, आमची वेगळी होती." असं म्हणाली की समजावं, वाचन अंगी लागलं. दोन्ही चित्रपट दाखवणं जमलं तर फारच छान. पाहून झाल्यावर मुलांना एवढंच विचारा : पुस्तकातलं काय दिसलं नाही? आणि पुस्तकात नसलेलं काय दिसलं? मोठी चर्चा नको. दोन प्रश्न पुरेत.

शेवटची सूचना घरातल्या पुरुषमंडळींसाठी. सगळ्या रात्री आईनेच वाचून दाखवायच्या असं कुठे लिहिलेलं नाही. अठरावी रात्र, 'अळणी भाजी', वडिलांच्या हाती द्या. रताळ्याच्या पाल्याची भाजी आहे, आई मीठ घालायला विसरली आहे. श्यामचे वडील एक शब्द न बोलता ती भाजी छान झाली म्हणून जेवतात आणि मुलंही गुपचूप जेवतात. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. या पुस्तकाला आपण आईचं पुस्तक म्हणतो, पण ही रात्र वडिलांची आहे. ती त्यांनीच मोठ्याने वाचावी, मुलांनी ऐकावी आणि आपण आत भांडी आवरता आवरता कान द्यावा.

फक्त त्या दिवशी भाजीत मीठ आठवणीने घाला. लगेच परीक्षा नको!